साखर सुटली, एलडीएल चढलं: ब्रेडवर काय लावायचं याचा एक प्रकरण अभ्यास

साखर सोडलेल्या अनेकांच्या तपासण्यांमध्ये एकच नक्षी दिसते. तिच्यावरून हे प्रकरण अभ्यासासाठी रचलं आहे. व्यक्ती काल्पनिक आहे. पदार्थांमधल्या चरबीचे आकडे मात्र नेहमीच्या पोषणमूल्यांवरून घेतले आहेत, त्यामुळे हा हिशोब कुणालाही आपल्या ताटाला लावून बघता येईल.

गृहस्थांचं वय ४६, उंची १७० सेंटिमीटर, काम बसून करायचं. धूम्रपान नाही, रक्तदाब ठीक. रक्तातली साखर काठावर आली म्हणून त्यांनी साखर, गोड पेयं, बिस्किटं, जॅम सगळं एका झटक्यात बंद केलं. चार महिन्यांत वजन ८२ वरून ७७ किलो झालं. त्यांचे आधीचे आणि नंतरचे आकडे असे (एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, ती टक्क्यांत; एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, एचडीएल म्हणजे ‘चांगलं’, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी, हे सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर):

साखर सोडण्याआधी: एकूण कोलेस्टेरॉल २१०, ट्रायग्लिसराइड २३०, एचडीएल ३८, एलडीएल १२६, एचबीएवनसी ६.०.
चार महिन्यांनी: एकूण कोलेस्टेरॉल २३७, ट्रायग्लिसराइड १२५, एचडीएल ४४, एलडीएल १६८, एचबीएवनसी ५.६.

पाचपैकी तीन आकडे सुधारले, दोन बिघडले. असा कागद हातात आला की माणूस दोनपैकी एका चुकीच्या निष्कर्षावर येतो. एक, ‘साखर सोडून काही उपयोग झाला नाही’. दोन, ‘ट्रायग्लिसराइड उतरलंय ना, मग एलडीएलकडे बघायचं कारण नाही’. दुसरा निष्कर्ष जास्त घातक आहे, कारण तो ऐकायला बरा वाटतो.

साखर आणि ट्रायग्लिसराइड यांचा संबंध सरळ आहे. गरजेपेक्षा जास्त साखर आली, विशेषतः तिच्यातलं फ्रुक्टोज, की यकृत तिची चरबी बनवून रक्तात सोडतं. साखर थांबली आणि वजन उतरलं की हा पुरवठा आटतो. एलडीएलची गोष्ट वेगळी. यकृताच्या पेशींवर एलडीएल ओढून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात आणि सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे संपृक्त चरबी, जास्त झालं की त्यांचं काम मंदावतं. मग एलडीएलचे कण रक्तात जास्त वेळ फिरत राहतात. म्हणजे एका आकड्याचा नळ साखरेकडे आणि दुसऱ्याचा बराचसा सॅच्युरेटेड फॅटकडे. साखर सोडताना तिच्या जागी काय आलं, हे पाहिल्याशिवाय हा कागद वाचता येत नाही.

ते पाहण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्याव्या लागतात. वजन झपाट्याने उतरत असताना केलेली चाचणी फसवी येऊ शकते. इथे वजन शेवटचे पाच आठवडे ७७ वर स्थिर होतं, त्यामुळे ती शंका गेली. शिवाय थायरॉइड मंदावला की एलडीएल चढतं, मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या काही आजारांत चढतं, काही औषधांनीही चढतं. टीएसएच (थायरॉइडची चाचणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची), लघवीतली प्रथिनं आणि यकृताच्या चाचण्या नीट निघाल्या. एलडीएल १९० किंवा त्याच्या वर असतं, तर आहाराच्या आधी आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा विचार करावा लागला असता आणि घरातल्या इतरांच्याही तपासण्या कराव्या लागल्या असत्या.

दिवसाची झडती

‘काय खाता?’ या प्रश्नाला ‘साधंच, साखर अजिबात नाही’ असं उत्तर येतं. त्यातून काही हाती लागत नाही. ब्रेडवर, कपात आणि चमच्यावर जे जातं ते तीन दिवस वजन करून लिहून ठेवायचं. इथे सरासरी अशी निघाली:

सकाळी दोन स्लाइसवर बटर, ३० ग्रॅम. सॅच्युरेटेड फॅट सुमारे १५ ग्रॅम.
कॉफीत एक मोठा चमचा खोबरेल तेल, १४ ग्रॅम. सॅच्युरेटेड फॅट सुमारे ११.५ ग्रॅम.
संध्याकाळी शुगर-फ्री चॉकलेट स्प्रेड, ३५ ग्रॅम. लेबलवर १०० ग्रॅमला १२ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे सुमारे ४ ग्रॅम.
रात्री क्रॅकरवर क्रीम चीज, ३० ग्रॅम. सॅच्युरेटेड फॅट सुमारे ६ ग्रॅम.

बेरीज साधारण ३७ ग्रॅम. दूध, अंडी, मांस वगैरे उरलेल्या जेवणातले १० धरले की ४७. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ऊर्जेच्या १० टक्के, म्हणजे सुमारे २२ ग्रॅम. इथे आकडा २१ टक्क्यांवर होता आणि त्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग चार स्प्रेडांतून आला होता. स्प्रेड ही ‘वर लावायची’ गोष्ट म्हणून हिशोबातून सुटते. या प्रकरणात तीच मुख्य गोष्ट ठरली.

बटरमधल्या कोलेस्टेरॉलची भीती बऱ्याच जणांना असते. ३० ग्रॅम बटरमध्ये ते जेमतेम ६५ मिलिग्रॅम असतं आणि बहुतेकांच्या रक्तातल्या आकड्यावर त्याचा परिणाम लहान असतो. घोटाळा करतात ते सोबतचे १५ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट. म्हणूनच शेंगदाण्याच्या बरणीवर ठळक छापलेल्या ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ला काही अर्थ नाही, वनस्पतीजन्य पदार्थात ते जवळपास नसतंच. खोबरेल तेलही कोलेस्टेरॉल-फ्री असतं आणि तरी एलडीएल वाढवतं. त्यातलं लॉरिक आम्ल एचडीएलही वाढवतं हे खरं आहे, पण तेवढ्यावरून एलडीएलची वाढ माफ होत नाही.

लेबल कुठून वाचायचं

पुढची बाजू सोडून द्यायची. ‘शुगर-फ्री’ हे साखरेबद्दलचं विधान आहे, चरबीबद्दल ते एक अक्षर बोलत नाही. मागच्या तक्त्यात १०० ग्रॅमचा रकाना धरायचा आणि एकच भागाकार करायचा: सॅच्युरेटेड फॅट भागिले एकूण फॅट. उत्तर पाचात एक किंवा त्याहून कमी आलं, तर स्प्रेड रोजच्या वापराला चालेल.

बदामाच्या बटरमध्ये ५५ ग्रॅम फॅटपैकी सुमारे ४ सॅच्युरेटेड, म्हणजे ८ टक्के. तिळाच्या पेस्टमध्ये ५४ पैकी साडेसात, १४ टक्के. पीनट बटरमध्ये ५० पैकी १०, बरोबर २० टक्के. क्रीम चीजमध्ये ३४ पैकी २०, जवळपास ६० टक्के. बटरमध्ये ८१ पैकी ५१, ६३ टक्के. खोबरेल तेल ८० टक्क्यांच्या वर. नुसता ‘१०० ग्रॅममध्ये किती’ एवढाच आकडा पाहिला तर पीनट बटरचे १० ग्रॅम बघून माणूस दचकतो. भागाकार केला की चित्र सुधारतं, कारण उरलेलं फॅट असंपृक्त आहे आणि तेच बटरची जागा घेणार आहे.

नंतर घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. शुगर-फ्री चॉकलेट स्प्रेडमध्ये पहिल्या दोन-तीन जागांवर बहुधा माल्टिटॉल आणि पाम तेल दिसतं. माल्टिटॉल साखर नव्हे, पण त्यात ग्रॅमला दोनाहून जास्त कॅलरी असतात आणि रक्तातली साखरही तो थोडी वाढवतो. जास्त खाल्लं की पोट फुगतं, जुलाब होतात. पाम तेलाचं निम्मं फॅट सॅच्युरेटेड असतं. साखर असो वा नसो, स्प्रेड खोलीच्या तापमानाला घट्ट राहायचा असेल तर ते काम कुणीतरी करायला लागतं, आणि बहुधा ते पाम तेलच करतं.

‘अंशतः हायड्रोजनेटेड’ हे शब्द दिसले तर बरणी परत ठेवायची. तो ट्रान्स फॅट आहे, एलडीएल वाढवतो आणि एचडीएल उतरवतो. काही ठिकाणच्या नियमांत एका सर्व्हिंगला अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स फॅट असेल तर तक्त्यात शून्य छापता येतं, म्हणून तक्त्यावर नाही, घटकांच्या यादीवर विश्वास ठेवायचा. ‘पूर्ण हायड्रोजनेटेड’ ही वेगळी चीज आहे. पीनट बटरचं तेल वर सुटू नये म्हणून ते एक-दोन टक्के घालतात. दोन चमच्यांत ते फार तर अर्धा-पाऊण ग्रॅम होतं. त्यावर रान उठवणाऱ्यांना आमचं सांगणं एवढंच, की त्याआधी चमचा किती भरता ते पाहा. त्याचं कारण पुढे येतंच.

फळांच्या स्प्रेडमध्ये चरबी नसते, त्यामुळे एलडीएलच्या बाजूने ते निर्धोक आहेत. मात्र गोडीसाठी आटवलेला फळांचा रस घातला असेल तर ती साखरच. जागतिक आरोग्य संघटनाही तिला मोकळ्या साखरेतच धरते. खजूर घालून गोड केलेल्या बटरचंही तेच बघायचं, खजुराच्या वजनाचा साठ टक्क्यांहून जास्त भाग साखर असतो.

पहिला बदल आणि अपेक्षा

एकाच वेळी दहा गोष्टी बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही. म्हणून पहिल्या सहा आठवड्यांत फक्त स्प्रेड बदलले. सकाळी बटरऐवजी बिनसाखरेचं पीनट बटर, दोन सपाट मोठे चमचे, ३२ ग्रॅम. हौसेसाठी ५ ग्रॅम बटर ठेवलं, कारण पूर्ण बंदी बहुतेकांना दोन आठवड्यांपलीकडे झेपत नाही. कॉफीतलं तेल बंद, त्याच्या जागी काही नाही. क्रीम चीजच्या जागी ५० ग्रॅम कुस्करलेला अ‍ॅव्होकाडो, लिंबू, मीठ, मिरपूड. चॉकलेट स्प्रेडच्या जागी एक सपाट चमचा, १६ ग्रॅम, कोको घातलेलं बदामाचं बटर.

हे शेवटचं घरी करताना दोन ठिकाणी चुकतं. प्रमाण असं: १०० ग्रॅम बदामाचं बटर, १२ ग्रॅम बिनसाखरेचा कोको, १० ग्रॅम एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी गोडी देणारी पूड), चिमूटभर मीठ, चार-पाच थेंब व्हॅनिला. एरिथ्रिटॉल आधी मिक्सरमध्ये पिठासारखं दळून घ्यायचं. त्याचे खडे तेलात विरघळत नाहीत, तसंच घातलं तर दाताखाली वाळू लागते. आणि मिश्रण घट्ट वाटलं म्हणून पाणी घालायचं नाही. चमचाभर पाण्याने ते सैल होण्याऐवजी एकदम आवळतं, मातीच्या गोळ्यासारखं होतं आणि शिवाय लवकर खराब होतं. सैल करायला एक छोटा चमचा कॅनोलासारखं बिनवासाचं तेल घालायचं. गोडीसाठी झायलिटॉल वापरत असाल आणि घरात कुत्रा असेल, तर बरणी त्याच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी ठेवा. थोडंसं झायलिटॉलही कुत्र्याच्या जिवावर बेततं.

नव्या यादीत स्प्रेडांमधलं सॅच्युरेटेड फॅट साडेसात ग्रॅमच्या आसपास आलं. आधीच्या ३७ मधून ते वजा केलं तर साडेएकोणतीस ग्रॅम, म्हणजे सुमारे २६५ कॅलरी, दिवसाच्या ऊर्जेच्या १३ टक्के. नियंत्रित आहार-प्रयोगांतून निघालेला ढोबळ हिशोब असा, की सॅच्युरेटेड फॅटमधून येणारी १ टक्का ऊर्जा असंपृक्त फॅटमधून घेतली की एलडीएल सरासरी दीड ते दोन मिलिग्रॅमनी उतरतं, बहु-असंपृक्त असेल तर दोनच्या जवळ, एकल-असंपृक्त असेल तर दीडच्या जवळ. म्हणजे इथे २० ते २७ मिलिग्रॅम उतार अपेक्षित होता. ही सरासरी आहे, माणसामाणसांत फरक मोठा पडतो. तरी आधी असा आकडा लिहून ठेवला की नंतरच्या कागदाकडे बघून नुसतं खूश किंवा नाराज व्हायची पाळी येत नाही.

सहा आठवड्यांनी

एकूण कोलेस्टेरॉल २२०, ट्रायग्लिसराइड १४०, एचडीएल ४३, एलडीएल १४९. वजन ७८.२.

एलडीएल १९ ने उतरलं, अपेक्षेच्या जरा अलीकडे थांबलं. ट्रायग्लिसराइड १५ ने वाढलेलं दिसतं, पण एकाच माणसात ते एका चाचणीपासून दुसरीपर्यंत २० टक्क्यांनी सहज हलतं, म्हणून तेवढ्यावरून काही ठरवू नये. वजनाने मात्र बोट दाखवलं. साखर नाही, गोड नाही, आणि सव्वा किलो वाढ.

उत्तर चमच्यात होतं. बरणीतून नेहमीसारखा चमचा काढायला सांगून तो वजनकाट्यावर ठेवला. सपाट चमचा १६ ग्रॅमचा, हा निघाला २९ ग्रॅमचा. पीनट आणि बदामाचं बटर चिकट असतं, चमच्यावर डोंगरासारखं उभं राहतं आणि खालच्या बाजूलाही चिकटून येतं. दिवसाचे तीन चमचे म्हणजे ३९ ग्रॅम जादा, ग्रॅमला साधारण ६ कॅलरी धरून रोज सुमारे २३५ कॅलरी. सहा आठवड्यांत जवळपास दहा हजार. एक किलो चरबीला ७७०० कॅलरी हा नेहमीचा ढोबळ भाव लावला तर सव्वा किलोचा हिशोब जुळतो. त्या जादा ३९ ग्रॅममध्ये सॅच्युरेटेड फॅटही तीनएक ग्रॅम होतंच, म्हणून एलडीएलचा उतारही थोडा कमी भरला.

उपाय साधा आहे. बरणीच काट्यावर ठेवायची, काटा शून्यावर आणायचा आणि बटर काढायचं. उणे ३२ दिसलं की थांबायचं. चमचा धुवावा लागत नाही आणि अंदाज लागत नाही.

याच टप्प्यात आणखी एक तक्रार होती: पीनट बटर खाली कोरडं ठणठणीत आणि वर तेल. ते वरचं तेल ओतून टाकणं ही चूक. तेच असंपृक्त फॅट आहे, आणि ते गेलं की उरलेला गाळ ब्रेडवर पसरत नाही. बरणी आणल्यावर एक रात्र उलटी ठेवायची, सकाळी सुरीने तळापासून ढवळायची आणि मग फ्रिजमध्ये ठेवायची. थंडीत तेल परत वर येत नाही. जुन्या रंगाच्या डब्यासारखा किंवा मेणाच्या खडूसारखा वास आला तर तेल खवट झालंय, बरणी टाकून द्यायची.

दुसरा बदल

आता दोन गोष्टी जोडल्या. पहिली, वनस्पती स्टेरॉल घातलेला मऊ स्प्रेड, उरलेल्या ५ ग्रॅम बटरच्या जागी. असा स्टॅनॉलयुक्त स्प्रेड १९९५ मध्ये फिनलंडमध्ये पहिल्यांदा बाजारात आला. स्टेरॉल आणि स्टॅनॉल आतड्यात कोलेस्टेरॉलची जागा अडवतात, त्यामुळे ते कमी शोषलं जातं. रोज २ ग्रॅम घेतले की एलडीएल साधारण ८ ते १० टक्के उतरतं. डब्यावर १० ग्रॅममध्ये ०.७५ ग्रॅम असं छापलेलं असेल तर २ ग्रॅमसाठी २७ ग्रॅम स्प्रेड लागतो. इथेच बहुतेकांचं बिनसतं: महागाचा डबा आणतात, एका स्लाइसवर पातळ थर लावतात आणि पाव ग्रॅम स्टेरॉल पोटात जातं. तेवढ्याने फरक दिसत नाही. दुसरी चूक, सकाळी नुसत्या कॉफीबरोबर खाणं. तो मोठ्या जेवणासोबत, दोन वेळांत विभागून घ्यायचा. दिवसाला ३ ग्रॅमच्या पुढे जाऊन जादा फायदा नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि लहान मुलांनी तो खाऊ नये, आणि सिटोस्टेरॉलेमिया या दुर्मीळ आनुवंशिक आजारात तर अजिबात नाही. रक्तातलं कॅरोटीन थोडं उतरतं, म्हणून गाजर, भोपळा, पालेभाज्या आहारात असाव्यात. स्टेरॉलने आकडा उतरतो एवढं भक्कम आहे. हृदयविकाराचे झटके टळतात असं दाखवणारे मोठे प्रयोग झालेले नाहीत, म्हणून त्याला औषधाचा पर्याय समजू नये.

या २७ ग्रॅममधून ९० कॅलरींच्या आसपास येतात. त्या भरून काढायला सकाळच्या पीनट बटरचा एक चमचा कमी केला.

दुसरी गोष्ट इसबगोल, त्यातला विरघळणारा तंतूही एलडीएल उतरवतो. ओट्समधलं बीटा-ग्लुकनही हेच काम करतं, पण दिवसाच्या ३ ग्रॅमसाठी ७५-८० ग्रॅम कोरडे ओट्स लागतात आणि कर्बोदकं मोजून खाणाऱ्याला ते जड जातं. इसबगोलाचा भुसा रोज १० ग्रॅम घेतला की विरघळणारा तंतू सुमारे ७ ग्रॅम मिळतो. पहिला आठवडा फक्त ५ ग्रॅम एकदा, नंतर दोनदा, नाहीतर गॅसने माणूस तिसऱ्या दिवशी सोडून देतो. प्रत्येक वेळी मोठा ग्लासभर पाणी, ढवळल्याबरोबर पिऊन टाकायचं. कमी पाण्यात घेतलं तर घशात फुगून अडकू शकतं. इतर गोळ्या त्याच्यापासून किमान दोन तास लांब, थायरॉइडची चार तास.

कॉफीबद्दलही एक शोध लागला. गृहस्थ कॉफी जाळीच्या प्रेसमध्ये करत, दिवसाला चार-पाच कप. न गाळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल असतं आणि तेही एलडीएल वाढवतं. कागदी फिल्टरमध्ये ते अडकतं. फिल्टर बदलला, कॉफी तीच.

बारा आठवड्यांनी कागद असा: एकूण कोलेस्टेरॉल १९५, ट्रायग्लिसराइड ११६, एचडीएल ४४, एलडीएल १२८, एचबीएवनसी ५.६. वजन ७६.५.

एलडीएल साखर सोडण्याआधी जिथे होतं तिथे परत आलं. फरक एवढाच, की आता ट्रायग्लिसराइड २३० च्या जागी ११६ आहे आणि साखर काठावरून मागे सरली आहे. एचडीएल वजा केलेलं कोलेस्टेरॉल १७२ वरून मध्यंतरी १९३ झालं होतं, ते १५१ वर आलं. आमच्या मते या प्रकारच्या माणसात हाच आकडा सगळ्यात प्रामाणिक आहे, कारण त्यात एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड वाहणारे कण दोन्ही धरले जातात.

१२८ पुरेसं आहे का, हे स्प्रेडवरून ठरत नाही. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला होता का, लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, बहुतांशी आनुवंशिकतेने ठरणारा कण) एकदा तरी मोजलं आहे का, रक्तदाब किती, हे पाहून डॉक्टर लक्ष्य ठरवतात. या गृहस्थांच्या घरात तसा इतिहास नाही, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी असं ठरलं. तसा इतिहास असता तर स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीबद्दल बोलणं याच भेटीत झालं असतं. गोळी सुरू झाली असती तरी पीनट बटर, इसबगोल आणि बरणीखालचा काटा तिथेच राहिले असते.